कायतान मास्तरांची स्पॅनिश

सावदे, ता. २ डिसेंबर १९३४

रा. रा. भटूनाना यांस गिरधरचा सप्रेम रामराम. आपल्या गुडघ्याचे दुखणे कसे आहे? एरंडाचे पान शेकून बांधता ना? नशिराबादेस वांगी स्वस्त झाली असे ऐकतो. इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे मला एकट्याला जेवढे ठेवता येते तेवढे ठीक आहे. पत्र लिहिण्याचे कारण विशेष काही नाही. मी स्पॅनिश शिकलो, ते कळवावे म्हटले.

वैशाखातल्या वादळाने माझ्या केळीची तीनशे खोडे आडवी केली हे आपण येऊन पाहिलेच आहे. (तेव्हा आपण म्हणालात, देवाची मर्जी. मला मात्र देवाने फक्त माझ्याच बांधापर्यंत मर्जी का ठेवावी ते उमगले नाही.) पुढे शेतकीच्या एका मासिकात वाचले की क्युबा नावाच्या बेटावर याहून दांडगी वादळे होतात आणि तरी तिथले लोक केळीच लावतात. म्हणजे त्यांना काही युक्ती ठाऊक असणार. मी आमच्या हेडमास्तरांकडून इंग्रजीत पत्र लिहवून हवानाच्या केळीवाल्यांच्या मंडळाला धाडले. गणपती बसले त्या दिवशी उत्तर आले. गाव ओट्यावर जमला. हेडमास्तरांनी चष्मा दोनदा पुसला आणि सांगितले की अक्षरे इंग्रजी आहेत, पण भाषा नाही. ही स्पॅनिश असावी. मग म्हणाले, स्पेन हा पोर्तुगालच्या शेजारचा मुलूख.

शेजारचा म्हटल्यावर मला रस्ता दिसला. फैजपूरची बोली सावद्याला कळते, तशी यांची त्यांना कळणारच. आणि जळगावात लग्नाचा बँड वाजवणारे कायतान मास्तर गोव्याचे, म्हणजे पोर्तुगालच्या राज्यातले. मी बाजाराच्या दिवशी केळीचा एक घड घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि म्हटले, "मास्तर, मला तुमच्या मुलखाची भाषा शिकवा." माणूस भला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, इतक्या वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिलेच.

सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकायला बसणे म्हणजे जुन्या बैलाला नवी शीळ शिकवणे, असे लोक म्हणत. पण नाना, स्पॅनिश फार सोपी निघाली. पाण्याला ते लोक उदक म्हणतात. (आपले भटजी संध्येला म्हणतात तेच. ऋषी तिकडे जाऊन आले होते याला आणखी पुरावा काय पाहिजे?) आभार मानायचे तर "देव बरें करूं". देवसुद्धा देवच. मी हेडमास्तरांना म्हटले, हे लोक मुळात आपलेच, वादळात वाहून गेलेले. अडचण एकच होती. शिकवणी बँडच्या तालमीत चाले, एका कानाशी ढोल आणि दुसऱ्याशी कर्णा, त्यामुळे मास्तर ओरडून सांगत आणि मी ओरडून म्हणत असे. मला वाटले स्पॅनिश अशीच बोलतात.

दोन महिने झाले तरी हवानाच्या पत्रातली एकही ओळ लागेना. मास्तरांना दाखवावे तर त्यांना वाचनाचा चष्मा नव्हता, आणि मला वाटे, शिष्याने आपले आपण वाचून गुरूला चकित करावे. तेवढ्यात त्यांच्याकडूनच कळले की स्पेनचे एक पाद्री मंगळवारी जळगावला गाडी बदलून सुरतेकडे जाणार. मी धुतलेले धोतर नेसून, पत्र फेट्यात खोचून फलाटावर हजर झालो. पाद्रीबाबा बाकावर पोथी वाचत बसले होते. मी समोर उभा राहून तालमीतल्या आवाजात म्हटले, "म्हजें नांव गिरधर. तूं कसो आसा?" हमालाच्या डोक्यावरची ट्रंक खाली आली. दोन प्रवासी दुसऱ्या बाकावर गेले.

पाद्रीबाबांनी पोथीत बोट घालून ती मिटली. "मी बरा आहे," ते म्हणाले. "पण जरा हळू बोला. मी पाच वर्षे नाशिककडे होतो, मला मराठी येते."

मी म्हटले, मी तर स्पॅनिश बोललो.

त्यांनी तोंड रुळांकडे फिरवले. हसू दाबत होते, हे मला आता कळते. "पाटील, ही गोव्याची कोंकणी," ते म्हणाले. "चांगली बोलता."

नाना, त्या क्षणी सुरतेची गाडी आली असती तर मी तिकिटावाचून चढलो असतो. पण गाडी लेट होती, म्हणून पत्र पुढे केले. त्यांनी ते वाचून मराठीत सांगितले: आपले पत्र पावले, ते इंग्रजीत असल्याने येथे कोणासही वाचता आले नाही, तरी कृपा करून स्पॅनिशमध्ये लिहावे. मग त्या देवमाणसाने गुडघ्यावर कागद ठेवून माझा वादळाचा प्रश्न स्पॅनिशमध्ये लिहून दिला. तो त्याच दिवशी टपालात पडला. निघताना मी एक तरी खरा शब्द मागितला. केळ म्हणजे प्लातानो. आता मला एका शब्दाची स्पॅनिश येते आणि कोंकणी अस्खलित.

मास्तरांना मी जाब विचारला. ते म्हणाले, "तुम्ही माझ्या मुलखाची भाषा मागितली. मी माझी दिली." त्यांच्या हातचा चहा घेऊन आलो.

लहानथोरांस यथायोग्य सांगावे.

आपला,
गिरधर

ता. क. गुडघ्याला एरंड मानवत नसेल तर निर्गुडी पाहावी.

ता. क. दुसरा. झुंबर माहेरी, आपल्याकडे येऊन आज बारावा दिवस. का आली, ते तिने सांगितले नसेल. मी फलाटावर जाण्याच्या आधीची गोष्ट. मास्तरांनी एक नवे वाक्य दिले होते, ते घोकत घरी आलो. ती ओसरीवर डाळ निवडत होती. मी समोर उभा राहून, तालमीच्या आवाजात, म्हटले, "तूं म्हाका जाय." ती म्हणाली, "कुठी जाऊ?" मला वाटले तिलाही गोडी लागली, म्हणून मी आणखी जोरात म्हटले, "जाय, जाय." तिने सूप ठेवले, गाठोडे बांधले आणि गाडी जुंपायला सांगितली. नाना, मास्तरांच्या भाषेत त्याचा अर्थ, मला तू पाहिजेस. हे आपण तिला समजावून सांगावे, मी रविवारी गाडी घेऊन येतो. आणि तिने विचारलेच, की असे होते तर नीट मराठीत का नाही बोलला, तर सांगावे की बावीस वर्षांत मराठीत बोलायची हिंमत झाली नाही.