हॉलतिकिटावरचा चेहरा

आप्पा,

तुम्ही गेल्यापासून माझ्या बोलण्याची शहानिशा करणारं घरात कोणी उरलेलं नाही. बाजारात गेले होते म्हटलं की आमच्या घरचे मान डोलावतात. तुम्ही आधी पिशवीत डोकावायचात आणि मग माझ्याकडे बघायचात. मुरबाडच्या घरात वाढताना मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असे असतात. पुढे लग्न होऊन शहापूरला आले, शाळेत भूगोल शिकवायला लागले, आणि एकदा चाचणी परीक्षेत एका मुलाला "मूठ उघड" म्हणताना माझाच आवाज मला ओळखीचा वाटला. तो तुमचा होता. त्या मुलाच्या मुठीत चिंचोके होते. तरी मी ते उलटेपालटे करून पाहिले.

बारावीच्या सराव परीक्षेत मी भौतिकशास्त्रात पहिली आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. आई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापते आहे, मी ताट घेऊन बसले आहे, आणि तुम्ही चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहता. "एवढे मार्क आले कुठून?" मी म्हणते, अभ्यास केला. "कोणाच्या मागे बसली होतीस?" आई म्हणते, "अहो, पोरीला दोन घास तरी खाऊ द्या." तुम्ही खिशातून खडू काढता, जमीन हाताने झाडता आणि पेपरातलं सगळ्यात अवघड गणित तिथे लिहिता. मी ते शेणाने सारवलेल्या जमिनीवर सोडवते. उत्तर बरोबर येतं. तुम्ही ते वाकून वाचता, "ठीक आहे" म्हणता आणि हात धुवायला जाता. शाबासकी नाही, काही नाही. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून पोटभर जेवलात. हे मी तुम्हाला तुमच्या हयातीत कधी बोलून दाखवलं नाही.

आणि ती दुसरी गोष्ट, जी मला आईकडून कळली. बोर्डाच्या परीक्षेला तुम्ही पर्यवेक्षक होतात त्या खोलीत एक मुलगा आला, हॉलतिकिटावरच्या फोटोत दाट केसांचा आणि समोर गुळगुळीत डोक्याचा. तुम्हाला वाटलं, भावाच्या जागी भाऊ बसलाय. त्या काळात असले प्रकार होत होतेच. तुम्ही त्याला उठवलं नाहीत. पेपर सुटेपर्यंत त्याच्या बाकाशी उभे राहिलात आणि मग एसटीने त्याच्या गावी गेलात. घराबाहेर माणसं बसली होती. त्याचा बाप आदल्याच आठवड्यात वारला होता, म्हणून डोकं भादरलेलं. तुम्ही तिथे काय बोललात ते आईलाही सांगितलं नाहीत. तुम्ही त्याला पेपर लिहू दिलात तो दयेपोटी, की संशय चुकीचा निघाला तर नोकरीवर येईल म्हणून, हे मला अजून उलगडलेलं नाही. मी तुम्हाला पुरती ओळखते असं मी कधीच म्हणणार नाही.

आता माझं ऐका. डॉक्टर होण्यासाठी हल्ली देशभर एकच परीक्षा असते, मे महिन्यातल्या रविवारी दुपारी. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत तिचं केंद्र होतं आणि मला तिथे पर्यवेक्षक म्हणून बोलावलं होतं. तुम्ही ते फाटक पाहिलं असतंत तर तुम्हाला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं असतं. मुलींच्या कानातलं काढून घेतात, केसांचे चाप काढतात, लांब बाह्या चालत नाहीत, बूट चालत नाहीत, पाण्याची बाटलीसुद्धा आरपार दिसणारी लागते. एका मुलीची चमकी निघेना तर तिच्या मावशीने तेल लावून ती काढली, आणि पोरगी नाक चोळत रडत आत गेली. त्या वर्षी पेपर फुटल्याच्या, भलत्यांनीच पेपर दिल्याच्या बातम्या सगळीकडे होत्या. आम्ही मास्तरमंडळी एकमेकांकडेसुद्धा नीट बघत नव्हतो.

माझ्या खोलीत मधल्या रांगेत एक मुलगी येऊन बसली. तानसा तलावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. हॉलतिकिटावर गोल चेहरा, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. समोर मात्र गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले, केस मुलांसारखे बारीक कापलेले. अंगठ्याचं मशीन तिचा ठसा काही केल्या घेईना. बोटं कामाने घासलेली. शेवटी डाव्या हाताचा घेतला. मी हॉलतिकीट तिच्या चेहऱ्याशेजारी धरलं, वडिलांचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. सगळं बरोबर सांगितलं तिने, पण खाली बघून. पाठ केल्यासारखं. आप्पा, माझी खात्रीच पटली.

खिडकीजवळच्या बाकावर शहराकडून आलेली एक मुलगी होती. इस्त्रीचा कुडता, स्वच्छ नखं. "गुड आफ्टरनून, मॅम," म्हणाली. तिचं हॉलतिकीट मी हातात घेतलं आणि लगेच परत दिलं.

पेपर सुरू झाल्यावर मी केंद्रप्रमुखांना व्हरांड्यात गाठलं आणि मधल्या रांगेतल्या मुलीबद्दल सांगितलं. त्यांनी दारातून तिच्याकडे पाहिलं आणि घाम पुसला.

"ऑफिसात आणा तिला. आत्ताच चौकशी करू. नाहीतर आपल्या गळ्याशी येईल."

"पेपर सुटल्यावर करू, सर."

"आणि डमी निघाली तर?"

"डमी असेल तर पेपर सुटल्यावरही डमीच असेल. खरी असेल तर तिची वेळ परत कोण देणार?"

"मग जबाबदारी तुमची," म्हणाले आणि निघून गेले.

हे मी का बोलले, मला सांगता येत नाही. मला तिची कीव आलेली नव्हती. ती खोटी आहे असंच मी धरून चालले होते. मी आत गेले आणि तिच्या बाकाला खेटून उभी राहिले. सगळा वेळ. बाकीच्या रांगांमधून फेरी मारायची ती मी दुसऱ्या पर्यवेक्षकावर सोपवली. तिचा हात बघत होते, ती किती वेळा मान वर करते ते बघत होते. मध्येच तिने डोकं बाकावर टेकवलं. मी आणखी जवळ सरकले, काही इशारा करते की काय म्हणून. तिने डोकं उचललं, माझ्याकडे पाहिलं, बाटलीतलं पाणी प्यायली आणि पुन्हा लिहायला लागली. वर पंखा गरम वारा फेकत होता.

पेपर सुटला. उत्तरपत्रिका जमा करून मी मुली बाहेर पडायच्या आधीच फाटकावर गेले. तिचा बाप करंजाच्या झाडाखाली उकिडवा बसला होता, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी.

"तुम्हीच का तिचे वडील?"

"व्हय, बाय. बरा गेला का पेपर?"

"फोटोत तिचे केस लांब आहेत. चेहराही भरलेला आहे."

 तो हळूच उभा राहिला. "होलीच्या टायमाला टायफॉइड झाला तिला. मरता मरता वाचली. केस सगले गलाया लागले, मंग तिच्या आईनी कापून टाकले. फोटू त्याच्या आधीचा हाय." भाकरीचं फडकं त्याने छातीशी धरलं. "तुमाला काय वाटला, आमी दुसरी पोर बसवली?"

"विचारावं लागतं, दादा."

"इचारा ना. पण तिला नका कलू देऊ, बाय. आताशी कुटं ती उभी राह्यली हाय."

"नाही कळू देणार," मी म्हटलं. ती नळावर तोंड धुऊन येत होती. मी दुसऱ्या बाजूने निघाले. आणि तरी माझं समाधान झालं नाही, आप्पा. घरी येऊन त्या भागातल्या आश्रमशाळेतल्या एका ओळखीच्या शिक्षकाला फोन लावला, इकडचं तिकडचं बोलून त्या मुलीवर आले. तो म्हणाला, "हो, फार आजारी होती बिचारी. केस कापलेत तिचे. डॉक्टर नको म्हणत असताना परीक्षेला गेली." मग मी स्वयंपाकाला लागले.

पावसाळ्यात दोन अधिकारी शाळेत आले. मला वाटलं, पाड्यावरच्या मुलीबद्दलच असणार. मनात म्हटलं, म्हणजे मी उगाच नव्हते म्हणत. त्यांनी टेबलावर फोटो ठेवला. खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी. पेपर तिने दिला होता, पण त्या नावावर कॉलेजात प्रवेश घ्यायला दुसरीच मुलगी गेली होती, आणि तिथे अंगठा जुळला नव्हता. हॉलतिकिटावरचा फोटो दोघींचे चेहरे कॉम्प्युटरवर मिसळून केलेला होता, दोघींसारखाही दिसेल असा. "तुम्ही तपासलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तपासलं होतं. चेहरा जुळत होता." ते खरंच होतं. फोटो इतका जुळत होता की दुसऱ्यांदा बघावंसं वाटलं नाही. तुम्ही असतात तर पकडली असतीत का? तुमचे जुने विद्यार्थी म्हणतील, नक्की. मला शंका आहे. मला वाटतं, तुम्हीही घासलेल्या बोटांवरच नजर ठेवली असतीत आणि इस्त्रीच्या कुडत्याला पुढे जाऊ दिलं असतंत. शेवटी मी शिकले ते तुमच्याकडूनच.

दिवाळीच्या सुट्टीत शहापूरच्या एसटी स्टँडवर मला कोणीतरी हाक मारली. कानापर्यंत आलेले केस, गाल भरलेले. सरकारी कॉलेजात नंबर लागला होता, सुट्टीला घरी चालली होती. सोबत बाप होता; त्याने मला हात जोडले आणि पिशव्या घेऊन थोडा लांब जाऊन उभा राहिला.

"बाई, तुमी वलखला नाय मला? पेपरला तुमी व्हत्या."

"ओळखलं."

"त्या दिवशी मला चक्कर येत व्हती. मला वाटला, आता पडतेय मी हितंच. पण बगते त तुमी आपल्या माज्याच बाकाजवल उब्या. बाकी कुनाकडं गेल्याच नाय. मी बाबाला पन सांगितला, त्या बाई व्हत्या म्हून मी पेपर पुरा केला."

मी तिच्या बापाकडे पाहिलं. तो गाडीच्या पाटीकडे बघत होता. त्याने हे सगळं तिच्याकडून आधीच ऐकून घेतलं होतं, आणि माझ्या संशयाबद्दल तिला एका शब्दाने काही कळू दिलं नव्हतं.

"तुमाला कसा कलला बाई, मला बरा नाय ते?"

"चेहऱ्यावरून," मी म्हटलं.

ती हसली, वाकून माझ्या पाया पडली, आणि मी ते पडून घेतलं.

हे लिहून ठेवते आहे, पाठवणार कुठे. तुम्ही वाचलं असतंत तर तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे: तेव्हाच खरं का नाही सांगितलंस? तिच्या बापाला शब्द दिला होता म्हणून, असं मी उत्तर दिलं असतं. पण तुम्हाला ते पटलं नसतं, आप्पा. मलाही पटत नाही. मला तिचं ते बोलणं ऐकायला फार बरं वाटलं होतं.