चौथ्या जागेसाठी चौसष्ट सैनिक

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
निर्णय झाला. उत्साहाच्या भरात नव्हे, विचारपूर्वक.
काल आमच्या युद्धखेळांच्या क्लबच्या भिंतीवर नोटीस लागली. १५ आणि १६ मार्चला स्पर्धा. थीम: इसवी सनपूर्व तिसरं शतक. म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक, टेबलाएवढं रणांगण, अंतर मोजायची टेप आणि फासे. मे महिन्यात क्लबचा चार जणांचा संघ बाहेर खेळायला जाणार आहे. तीन जागा भरल्या. चौथी या स्पर्धेतून ठरेल. कॅप्टन म्हणजे आमचे डेंटिस्ट. ते म्हणाले, बघू, कोण डोकं चालवतं.
चार वर्षं मी या क्लबात टेबलं लावते, टेकड्या कापते, सगळ्यांच्या टेपा तपासून देते. संघासाठी कधी कुणी विचारलं नाही. वाईट वाटलेलं नाही. फक्त नोंद करते आहे.
माझं सैन्य: रोमशी लढलेलं कार्थेज. ६४ सैनिक, ३ हत्ती. हत्ती तयार आहेत, शेवटचं वार्निश तेवढं बाकी. सैनिक रंगवायला प्रत्येकी ४२ मिनिटं. एकूण ४४.८ तास. दिवस ४०. रोज ६७ मिनिटं.
जिंकण्याची शक्यता स्प्रेडशीटनुसार ७१ टक्के.
सुरुवात आजपासून.

४ फेब्रुवारी
सुरुवात उद्यापासून. हवेत आर्द्रता ६८ टक्के. रंगाखालचा प्रायमर नीट बसणार नाही.

५ फेब्रुवारी
आर्द्रता ५१. प्रायमर मारला. वाळेपर्यंत खिडकी ते टेबल अशा चाळीसेक फेऱ्या झाल्या. आई म्हणाली, वॉर्डात बायको बाळंत होताना नवरे असे फिरायचे. आई एकतीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होती, शेवटची बारा वर्षं वॉर्ड सांभाळत. तिला प्रत्येक गोष्टीत पेशंट दिसतो.
तिला समजावलं की मी शांत आहे. ती म्हणाली, मग बस की खाली.

९ फेब्रुवारी, रविवार
फाशांची तपासणी. मी कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. दुसऱ्यांची मापं बरोबर आहेत की नाहीत हे ठरवण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे बाजारातून आणलेल्या फाशावर डोळे मिटून विश्वास ठेवणं शक्य नाही.
पद्धत: ग्लासात मीठ विरघळवायचं, इतकं की फासा तरंगेल. मग त्याला टिचकी मारायची. तोच अंक पुन्हापुन्हा वर आला तर फासा एका बाजूला जड. चाळीसपैकी बावीस बाद. वेळ: पाच तास दहा मिनिटं.
रंगवलेले सैनिक: शून्य. पण पाया पक्का झाला. शक्यता ७४ टक्के.
फाशांच्या पाण्याने आईने गुळण्या केल्या. म्हणाली, घसा बरा वाटतोय.

१६ फेब्रुवारी, रविवार
बेस तयार. सैनिक ज्या पट्टीवर चिकटवतात ती पट्टी. बाकीचे लोक पुठ्ठा कापतात. मी स्टीलचा पत्रा कापून घेतला. रुंदी ४० मिलिमीटर, फरक ०.०२ पेक्षा कमी. प्रत्येक बेस तीन ठिकाणी मोजला. एवढे अचूक बेस या क्लबात कुणी पाहिले नसतील.
रंगवलेले सैनिक: तीन. एकाचे डोळे तिरळे. तो मागच्या रांगेत.

२२ फेब्रुवारी, शनिवार
क्लबातल्या बेकरीवाल्याशी सराव. प्रत्येक खेळीआधी मी अंतर, कोन आणि शक्यता काढत होते. दोन तासांत माझ्या चार खेळ्या झाल्या. तो म्हणाला, बाई, एवढ्या वेळात माझे दोन घाणे भाजून निघतात. मग म्हणाला, तुम्ही विचार करा, मी जरा जाऊन येतो. गेला. चहा पिऊन आला. मी त्याच खेळीवर होते.
निकाल: हार. पण तांत्रिक. वेळ संपली नसती तर स्थिती माझीच वरचढ होती. त्याचं म्हणणं वेगळं आहे, पण त्याने मोजलेलं नाही.
नवा संकल्प: जलद खेळणे. त्यासाठी तक्ता करणे.

१ मार्च
तक्ता झाला. अकरा पानं. रंगवलेले सैनिक: १९. उरले ४५. नियम असा की न रंगवलेला सैनिक टेबलावर चालत नाही.
आई म्हणाली, दे मला थोडे. मी नम्रपणे नाही म्हटलं. हे हाताला वळण असलेल्यांचं काम आहे.

२ मार्च
क्लबातून आले तर आईने टीव्ही बघता बघता वीस रंगवलेले. सगळ्यांच्या ढाली एकाच लाल रंगाच्या, जखमेवर लावायच्या औषधासारख्या. चेहरे मात्र बरे आहेत. म्हणाली, यांना काय, हलत नाहीत, रडत नाहीत.
तात्पुरते म्हणून ठेवले. वेळ मिळाला की पुन्हा रंगवीन.

८ मार्च, शनिवार. दुपारी १.१०
पंचांचा मेल. पंच म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. आठवण म्हणून कळवतात: स्पर्धा नियमांच्या नव्या आवृत्तीप्रमाणे. बेसची रुंदी ६० मिलिमीटर.
माझ्याकडे जुनी आवृत्ती आहे.
इथे स्पष्ट लिहून ठेवते. माझ्या मोजमापात चूक नाही. माझे बेस चाळीस मिलिमीटरचेच आहेत, तंतोतंत. चूक आकड्यात आहे.

दुपारी ३.३०
सैनिक स्टीलवरून निघत नाहीत. औद्योगिक गोंद मीच निवडला होता. खोलीत फेऱ्या.
आईने मिक्सरचं रिकामं खोकं कापलं. म्हणाली, अख्खी पट्टीच चिकटव ना वर. साठचा पुठ्ठा, त्यावर चाळीसचं स्टील. तिने पट्टीने मापलं, अंदाजे. दोन बेसवर मिक्सरचं चित्र दिसतंय.
शक्यता ६९. मानसिक दृष्ट्या मी पुढेच आहे.

१४ मार्च
सगळे रंगवून झाले. (आईचे: ३८. तात्पुरते.) सामानाची यादी केली: ४१ वस्तू. प्रत्येकीवर दोनदा खूण. हत्तींना वार्निशचा हात दिला, वाळायला फ्रिजवर ठेवले. लवकर झोपते.

१५ मार्च, शनिवार. जेवणाच्या सुट्टीत
हत्ती घरी राहिले. ते यादीत नव्हते. इतकी उघड गोष्ट यादीत लिहीत नाहीत.
आईला फोन केला. ती पिशवीत तिन्ही हत्ती घेऊन वीस मिनिटांत आली, सोंडांना कापूस गुंडाळून. तेवढ्यात कळलं की एक खेळाडू तापाने पडला. बाराचे अकरा झाले, जोड्या जुळेनात. अशा वेळी क्लबचं उसनं सैन्य देऊन कुणालातरी बसवतात, एवढीच रीत. स्टेशनमास्तरांनी आईला विचारलं, बाई, आज-उद्या बसाल का? आई म्हणाली, बसायलाच सांगताय ना, बसते.
तिला गॉल टोळ्या मिळाल्या, आणि स्टेशनमास्तरांकडून चार वाक्यांत नियम. अर्ध्यांचे भाले मोडलेले. ती त्यांना मिशीवाले म्हणते.
पहिला डाव: माझा बेकरीवाल्याशी. अनिर्णित. सैन्यं एकमेकांपर्यंत पोचायच्या आत स्टेशनमास्तर ओरडले, वेळ संपली, गाडी सुटली.
आई पहिला डाव जिंकली. नवशिक्याचं नशीब. सांख्यिकीत याला जागा आहे.

संध्याकाळी ६.००
दुसरा डाव हरले. नियम असा की हत्तीला मार बसला तर तो बिथरतो, आणि फासा दाखवेल त्या दिशेला पळतो. तिन्ही हत्ती मागे वळले आणि माझ्याच पायदळातून गेले. फासे मी तपासलेले होते. अगदी निर्दोष. म्हणून तक्रारही करता येत नाही.
तिसरा डाव हरले. कारण प्रकाशयोजना.
आई दुसरा डेंटिस्टांशी हरली, तिसरा जिंकली. तिला विचारलं, कसं ठरवतेस? म्हणाली, जिथे जास्त आरडाओरडा तिथे आधी जायचं.
ही पद्धत नव्हे.
उद्याचे दोन्ही डाव मी जिंकले आणि इतर तीन निकाल माझ्या बाजूने लागले, तर चौथी जागा अजून शक्य आहे. हिशेब केला. ४ टक्के. चार म्हणजे शून्य नव्हे.

१६ मार्च, रविवार. दुपारी १२.४५
जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. चौथ्या डावाला माझ्यासमोर आई.
सैन्य मांडताना ती खाली वाकली आणि हळूच म्हणाली, अगं, मी हरू का? तुला ती जागा हवी आहे ना?
मी म्हटलं, नीट खेळ. उपकार नकोत. खरं कारण असं की त्याची गरजच पडणार नव्हती. माझा तक्ता तयार होता.
पन्नास मिनिटांत संपलं. मी पान सातवर होते. मिशीवाले एकदम धावत आले. मी म्हटलं, थांब, अंतर मोजते. ती म्हणाली, मोज बाई, ते काही पळून जात नाहीत. मी मोजलं. मिशीवाले पोचत होते, चार मिलिमीटर राखून.
शेवटी माझा सेनापती एकटा उभा होता. तिने त्याला उचलून बाजूला ठेवलं, आडवं नाही, उभंच. म्हणाली, दमलाय बिचारा. डेंटिस्ट मागे उभे राहून बघत होते. मला वाटलं, माझी मांडणी बघत आहेत.

संध्याकाळी ५.४०
पाचवा डाव हरले. एकूण: अर्धा गुण. बारावा क्रमांक. तेरावा तापाने पडला होता.
आई तिसरी. चार विजय. तिला पितळी बिल्ला मिळाला. तिने तो हत्तींच्या पिशवीत टाकला आणि मला म्हणाली, चल, पाय दुखतायत.
निष्कर्ष: अर्धा गुण हा माझा खरा दर्जा दाखवत नाही. संघ निवडणारे लोक फक्त गुण बघत नाहीत. अभ्यास बघतात.

१८ मार्च
फोन नाही. चार्जर तपासला. रेंज तपासली. लॅबच्या फोनवरून स्वतःला फोन लावून पाहिला. वाजतो.

१९ मार्च, बुधवार. सकाळी ८.१५
डेंटिस्टांचा फोन. तीनदा वाजू दिला. उतावीळ वाटू नये.
चौकशी केली. माझ्या दाढेचीसुद्धा. मग म्हणाले, आई मे महिन्यात मोकळ्या आहेत का?
मी फोन स्पीकरवर ठेवला. आई भांडी पुसत होती. म्हणाली, डॉक्टर, मी कसली येते, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ती जागा माझ्या मुलीला द्या, ती चार वर्षं झिजतेय.
पलीकडे घसा खाकरण्याचा आवाज. दोनदा. मोजायचं ठरवलं नव्हतं, सवयीने मोजलं गेलं.
मग ते म्हणाले, त्या आहेतच हो आमच्या. टेपा त्यांच्याशिवाय कोण बघणार?
आई माझ्याकडे बघत होती. अजून एक शब्द ती बोलली असती तर ते हो म्हणाले असते. संकोचाने. मला ते स्पष्ट दिसत होतं, एखाद्या आकड्यासारखं.
मी म्हटलं, आई येईल.

संध्याकाळी ७.२०
आईची अट: कुणीतरी नियम नीट समजावून द्या. पाच डाव खेळली, पण पुस्तक उघडून पाहिलेलं नाही. मी नवी आवृत्ती विकत आणली. सोफ्यावर तिच्या शेजारी बसून पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला घेतलं.
चौथ्या पानावर ती झोपली.
मी अकराव्यापर्यंत वाचत राहिले.