करदोड्याचा चिमटा

दादा, आज तुमच्या चिमट्याने माझी चारचौघांत फजिती केली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलेलं नाही. तुम्ही असता तर आधी पोट धरून हसला असता, मग विचारलं असतं की ही कसली शाळा, जिथे मास्तरीणच सापडते. तुम्ही गेलात तेव्हा मी शिकत होते, आता केस पिकायला लागले तरी शिकतेच आहे. शाळेत काय झालं ते बापाला येऊन सांगायची सवय तेवढी सुटलेली नाही.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगायचं राहूनच गेलं. एमआरआय म्हणजे एक भलंमोठं लोहचुंबक. त्याच्या पोटात माणसाला आडवं करायचं आणि कुठे चीर न देता डोक्याच्या आतलं चित्र काढायचं. मशीन इकडे परभणीच्या दवाखान्यात, मी तिकडे पुण्यात संगणकासमोर ती चित्रं वाचत बसते, त्यामुळे मशीनच्या खोलीत माझं पाऊल क्वचितच पडतं. शेतात जन्म काढलेल्या माणसाचा मेंदू म्हातारपणी कसा बदलतो, हा सध्याचा आमचा अभ्यास. त्यासाठी आपल्या पेडगावची माणसं हवीत हा हट्ट माझा होता. शहरातल्या माणसांची डोकी बघून गावच्या माणसांबद्दल बोलायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

आमच्यासारख्या संशोधकांसाठी एक ऑनलाइन अभ्यासक्रम असतो. कुणी गुवाहाटीत, कुणी नैरोबीत, सगळे आपापल्या पडद्यासमोर बसून शिकतात. पहिलाच धडा सुरक्षिततेचा, कारण त्या खोलीत चुकून लोखंड गेलं तर ते हातातून सुटून चुंबकाकडे झेपावतं, मधे माणूस असला तरी. म्हणून आत सोडण्याआधी विचारायचं, अंगावर धातूचं काही आहे का. हा धडा मी कितीदा केला आणि दरवेळी पास झाले. त्यात काही उणं आहे असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

मग तुमचा धाकटा भाऊ परभणीला गेला. काका सगळ्यांत आधी तयार झाले, पुतणीचं काम म्हणून. दारात तिथल्या मुलाने विचारलं, अंगावर लोखंड-बिखंड काही? काका म्हणाले, काय न्हाई. नशीब, त्या मुलाच्या हातातल्या यंत्राने कमरेपाशी आवाज केला. सदरा वर केला तर करदोडा, आणि करदोड्याला काटे काढायचा चिमटा. तो बिचारा नवीन होता. दोराच तर आहे, असं म्हणून त्याने कात्री आणली. काका एवढंच म्हणाले, "करदोडा तोडायला मी मेलोय का?" आणि बाहेर येऊन जीपमध्ये बसले. त्यानंतर पेडगावातून एकही माणूस आला नाही. अभ्यास तिथेच अडला. पुण्यातले लोक म्हणायला लागले की गाव सोडून द्या, शहरातली माणसं मिळतात. मला त्या मुलाचा राग आला नाही. त्याने आमच्याच धड्यात होतं तसंच केलं होतं.

तुमचा चिमटा मला चांगला आठवतो. बाजारात घिसाड्याकडून घेतलेला, वापरून वापरून काळा तुकतुकीत झालेला. कापसाच्या रानात मी अनवाणी हुंदडायची आणि बाभळीचा काटा मोडून घ्यायची. एकदा तुम्ही रागवाल म्हणून दोन दिवस टाचेवर चालत राहिले. तुम्हाला कळलं ते आईमुळे. चुलीपुढे मला बसवून तुम्ही पाय मांडीवर घेतलाय, आई चिमणी जवळ धरतेय, आणि तुम्ही म्हणताय, "हालू नको. हाललीस की आत मोडतोय. अन् दुखायलंय तर सांगायचं, असं लपवायचं न्हाई." अनवाणी फिरल्याबद्दल एक शब्द नाही, न सांगितल्याबद्दल मात्र चांगलंच बोललात. मशीनमध्ये झोपलेल्या माणसाला आम्ही हेच सांगतो, हलू नका, चित्र बिघडतं. तुम्हाला नेलं त्या दिवशी रिवाजाप्रमाणे तुमचा करदोडा तोडला आणि चिमटा मातीत पडला. तो मी उचलला. आता तो आईपाशी खुंटीला असतो. गावी आले की काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालते, आणि जाताना परत अडकवून जाते.

काकांच्या प्रकारानंतर मी अभ्यासक्रम चालवणाऱ्यांना सांगितलं की धड्यात भर घालायला हवी. त्यांना ते फारच गावठी वाटलं असावं. एका जागेपुरतं आहे, म्हणाले. मीही माघार घेतली नाही. एक तास द्या, जमलं नाही तर काढून टाका, असं कळवलं. आणि तो तास मी पेडगावातूनच घ्यायचं ठरवलं. आपल्या घरात रेंज येते ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी, तेव्हा वर्ग तिथेच भरला. आईने कुकर उतरवून ठेवला. काकांना मी हाताला धरून आणलं. ते म्हणाले, तिकडं जायचं नसंल तर बसतो.

सुरुवात स्वतःपासून केली. घड्याळ काढलं, कानातलं काढलं आणि ऐटीत सांगितलं, आता माझ्या अंगावर काही नाही. मग काकांना पुढे बसवलं आणि पडद्यावरच्यांना म्हटलं, विचारा यांना, आत सोडायचं की नाही ते ठरवा. त्यांनी धड्यातले सगळे प्रश्न विचारले, मी मराठीत सांगत गेले, आणि काका दरवेळी मान हलवत म्हणाले, न्हाई. सगळ्यांनी सोडा म्हणून हात वर केले. तेव्हा मी काकांना साधं विचारलं, "काका, रानात पायात काटा मोडला तर काय करता?" काकांनी सदरा वर केला आणि चिमटा दाखवला. वर गेलेले हात एकेक करून खाली आले. मी म्हटलं, हा माणूस खोटं बोललेला नाही. जे कधी उतरवतच नाही, ते अंगावर आहे असं कुणाला वाटत नाही. म्हणून अंगावर काय आहे ते विचारू नका, दिवसभर काय करता ते विचारा. चुना कशात ठेवता, साडीची पिन कुठे अडकवून ठेवता. आणि सुती दोऱ्याला कात्री लावायची गरजच नाही, लोखंड त्यांचं त्यांना सोडू द्या. काका म्हणाले, "असं इचारलं असतं तर तवाच सोडला असता की." हे मी जसंच्या तसं भाषांतर करून सांगितलं.

तास रंगला. शेवटी नैरोबीच्या मुलीने हळूच विचारलं, मॅडम, आणि तुमच्या पायात काटा मोडला तर? मी हसून सांगितलं की माझं आयुष्य आता खुर्चीत जातं. काय विचारतेय ती, म्हणून काकांनी विचारलं. मी सांगितलं. काका माझ्याकडे बघत म्हणाले, "मंग गळ्यात काय हाय ते?"

दादा, आई पदर तोंडाला लावून हसत होती, पडद्यावरचे सगळे हसत होते, आणि माझा हात ओढणीखाली तुमच्या चिमट्यावर होता. संध्याकाळी निरोप आला की धडा ठेवायचा, आणि हसण्यासकट ठेवायचा. काका सोमवारी परत जाणार आहेत, जीपमध्ये आणखी चौघांना घेऊन. आता अभ्यास होईल, त्याची मला शंका नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा तुम्हाला एक सांगते. त्यांना वाटलं, तो शेवट मी मुद्दाम बसवला होता. मीही वाटू दिलं. खरं म्हणजे माझ्या अंगावर काही नाही असं म्हणाले, तेव्हा मला तसंच वाटत होतं.