तुमच्या बायकोचे दुबईतले चाळीस तास

बाबा,

संक्रांत झाली की पुढच्या आठवड्यात मी तुमच्या बायकोला घेऊन दुबईला चालले आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तुम्हाला हे कळणार नाही, ते मला समजतं. तरी लिहिते, कारण हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी फार इच्छा होती आणि तुम्ही तेवढं थांबला नाहीत. कागदावर माझं शाळेचं मराठी येतं, ते चालवून घ्या. घरात तुमच्यासमोर कोणतंच मराठी यायचं नाही.

जायचं आहे खरं तर तुमच्या नातीकडे. ती आयर्लंडला नर्स आहे आणि तिचे दिवस भरत आलेत. नागपूरहून मुंबई, मुंबईहून दुबई आणि तिथून पुढे. दुबईत दोन तासांत विमान बदलता येत होतं. मी मुद्दाम चाळीस तासांनंतरचं घेतलं. लेक फोनवर म्हणाली, ‘आई, आजीले घेऊन मधात काऊन थांबतेस? तिले झेपन का?’ मी म्हटलं, ‘माझं काम हाय तिथी.’ काय काम ते तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, कारण काम तुमचंच आहे.

घुग्घुसचं आपलं क्वार्टर आठवतं का तुम्हाला? समोरच्या रस्त्यावरून ट्रक गेला की दोरीवरच्या कपड्यांवर काळी भुकटी बसायची आणि आई ते कपडे परत पिळायची. तुम्ही खाणीत हाजिरीबाबू. पाचशे माणसांनी कधी यायचं, कधी जायचं, ते तुमच्या रजिस्टरवर ठरायचं. घरी आलात तरी तुमच्या हातातलं रजिस्टर सुटायचं नाही. आईला नागभीडजवळच्या तिच्या माहेरी दिवाळीत एकदा जाता यायचं, तेही तुमच्यासोबत, सकाळच्या गाडीनं जाऊन त्याच दिवशी परत. तिची आई आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘रविवारी जाऊ.’ रविवारपर्यंत म्हातारी राहिली नाही. आई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, थापतच राहिली. मी दहा वर्षांची होते. त्या दिवशीच्या भाकऱ्या किती झाल्या ते कुणी पाहिलं नाही, शेवटी शेजारणीनं परात ओढून घेतली.

मी नर्सिंग केलं ते तुमच्या मर्जीनं, हे मान्य करते. ‘सरकारी नोकरी लागते’ म्हणून केलं. पण तेविसाव्या वर्षी नागपूरला एका हॉटेलात दुबईच्या दवाखान्याचे लोक मुलाखती घ्यायला आले आणि आमच्या बॅचच्या चौघी गेलो, ते तुमच्या मर्जीबाहेरचं. मी निवडले गेले. पहिल्यांदाच कुणीतरी माझं काम पाहून मला हवी म्हटलं होतं. ते म्हणाले, पासपोर्ट आला की ताबडतोब आणून द्या, दोन महिन्यांत विमान. मी अर्ज केला. पोलीस चौकशीला घरी येऊन गेले, तुम्ही त्यांना स्वतः चहा पाजलात. मला वाटलं, बाबा वळले.

पासपोर्ट आला नाही. वस्तीचं टपाल खाणीच्या ऑफिसात यायचं आणि तिथून तुम्ही आणायचे. मी रोज संध्याकाळी दारात उभी. ‘बाबा, आलं का काई?’ ‘नाई आलं.’ कधी मान हलवायचे, कधी तेही नाही. मुदत संपली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडत होते आणि तुम्ही जेवत होतात. ‘नशिबात नव्हतं,’ तुम्ही म्हणालात. ‘रडू नको आता. दाळीत मीठ कमी हाय.’ मी उठले, मीठ दिलं. बाबा, या हातानं मी तुम्हाला मीठ दिलं. बाकीच्या तिघी गेल्या. पुढच्या महिन्यात तुम्ही चंद्रपूरहून माझ्यासाठी घड्याळ आणलंत, सोनेरी पट्ट्याचं. तुम्ही कधी कुणासाठी काही आणत नव्हता, म्हणून मला भरून आलं. तीन वर्षं ते मी मनगटावर मिरवलं. सगळ्यांना सांगायची, बाबांनी दिलं.

मग तो पाहणीचा दिवस. बैठकीच्या खोलीत वरोऱ्याकडची मंडळी बसली आहेत, मी पाण्याचे पेले घेऊन उभी आहे. मुलाचे वडील सहज विचारतात, ‘पोरगी नर्स हाय. उद्या बाहेरदेशी जातो म्हणन त? आजकाल लय जाऊन राह्यल्या.’ तुम्ही हसता. ‘थांबा,’ म्हणता, आत जाता, पेटी उघडल्याचा आवाज येतो. तुम्ही बाहेर येऊन एक निळं पुस्तक त्यांच्या पुढ्यात ठेवता. माझा फोटो, माझं नाव, माझी सही. ‘पाहा. तीन साल झाले. एक शिक्का नाई याच्यावर. माही पोरगी माह्या शब्दाबाहेर नाई.’ पाहुणा एकेक कोरं पान उलटून पाहतो आणि खूश होऊन मान डोलावतो. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणता, ‘पाणी दे व पाहुण्यायले.’

मी पाणी दिलं. लग्नही केलं त्याच घरात. नवरा चांगला निघाला, त्यात तुमची करामत नाही. त्यानं पुढे स्वतःच सांगितलं की ते पुस्तक पाहून त्याला लाज वाटली होती. निघताना, लग्नाच्या गडबडीत उघड्या राहिलेल्या तुमच्या पेटीतून मी ते काढून माझ्या पेटीत टाकलं आणि घड्याळ मागच्या राखेच्या ढिगात. मग गडचिरोलीच्या पुढे, जंगलातल्या एका सरकारी दवाखान्यात मी सत्तावीस वर्षं काढली. तिथल्या बायांकडून कामापुरती गोंडी शिकले, बाळंतपणं केली, सर्पदंश पाहिले. वाईट आयुष्य नव्हतं. पण ते मी निवडलेलं नव्हतं, आणि हे मी तुम्हाला एका दिवसासाठीही माफ केलं नाही.

सूड घ्यायची संधी मला आधीच मिळाली होती, हे तुम्हाला ठाऊक होतं का? शेवटचे चार महिने तुम्ही माझ्या घरी होता. तुमचं सलाइन, तुमची लघवीची पिशवी, तुमचं कूस बदलणं, सगळं माझ्या हातात. तुम्ही माझ्याकडे टकमक पाहायचे. मला वाटतं, तुम्ही भीत होता. मी प्रत्येक वेळी नस पहिल्या टोचण्यात शोधली. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. लोक म्हणाले, पोरीनं बापाचं केलं. बापाचं नाही, पेशंटचं केलं. बापाचं राहून गेलं होतं, ते आता करते आहे.

औषधांच्या जुन्या मागणीपत्रकांच्या पाठीवर मी त्या चाळीस तासांची आखणी केली आहे. सकाळी उतरायचं. टॅक्सीत आई पुढे बसेल, ड्रायव्हरच्या शेजारी, जिथे तुम्ही तिला कधी बसू दिलं नाही. हॉटेलात नाश्ता मांडून ठेवतात, हवं ते घ्यायचं. आई सगळ्यात आधी घेईल आणि सगळ्यात शेवटी उठेल. मग त्या आभाळाला टेकलेल्या इमारतीवर लिफ्टनं. मग खाडीतून लाकडी होडी. वाळवंटात गाडी घालतात म्हणे, पण आईच्या गुडघ्यांना ते सोसणार नाही. नुसती वाळू दाखवून आणीन. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो दवाखाना. मी फोनवर शोधून काढला आहे. आता काचेचा झालाय, सात मजली. त्याच्या दारात मी माझं ते जुनं, कोरं निळं पुस्तक हातात धरून उभी राहणार आणि आई माझा फोटो काढणार. एवढंच काम. बाकी सगळं त्याच्या भोवतीनं रचलं आहे.

आईचा पासपोर्ट काढायला चंद्रपूरला गेलो. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, ‘आजी, कुठी चालल्या?’ ‘दुबईले.’ ‘कशाले जी?’ आईनं क्षणभर विचार केला. ‘पाहाले,’ म्हणाली. शहात्तराव्या वर्षी तुमची बायको पहिल्यांदाच नुसतं पाहायला म्हणून कुठेतरी चालली होती. परत येताना बसमध्ये तिचं सुरू झालं: तिथी पाणी कुठून येते, धान होते का, नाई होत त लोक खातेत काय. विमानतळावर चाकाची खुर्ची सांगू का, विचारलं तर चिडली. ‘मी काई पेशंट हाय का तुही?’

आणि मागच्या मंगळवारी सामान काढताना मी पाहिलं, तिच्या पिशवीत तुमचा फोटो. भिंतीवरचा तो मोठा, चौकटीसकट, लुगड्यात गुंडाळलेला.

‘हे काय हाय?’

‘त्यालेबी दाखवू. त्यानं कुठी पाह्यलं?’

बाबा, मी ओरडले. या वयात, आईवर. सगळं सांगितलं, मुलाखत, टपाल, पेटी, सगळं, जणू तिनं ते ऐकलंच नव्हतं. ‘त्यानं माझा पासपोर्ट लपवला आई, आणि तू त्याले दुबई दाखवतेस?’ आई पलंगाच्या काठावर बसून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं लुगड्याची घडी नीट केली.

‘मले माहीत होतं,’ ती म्हणाली.

‘काय माहीत होतं?’

‘पेटीत हाय म्हणून. पेटीची चाबी माह्याच कमरेले राहे. रोज धुताना पुसताना पाहो मी.’

‘मंग काऊन नाई देलं मले?’

ती माझ्याकडे पाहत नव्हती. ‘तू गेली असती त मी त्याच्यासंगं एकटी राह्यली असती,’ ती म्हणाली. ‘तुले का सांगू. मले भेव वाटलं.’

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ताट वाढलं, औषध दिलं, बोलले नाही. अगदी तुमच्यासारखं. तीस वर्षं मी एका माणसावर राग धरून जगले, आणि आता कळलं की मी दारात उभी राहून विचारत होते तेव्हा माझ्या मागे, चुलीपाशी, कमरेला चाबी लावलेली एक बाई सगळं ऐकत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी फोन काढला आणि तिच्या तिकिटावर गेले. ‘रद्द करा’ असं तिथे लिहिलेलं असतं. मी बोट ठेवणार, इतक्यात अंगणातून हाक आली.

‘हे नाडी कशी बांधतेत व?’

मी तिला पांढरे बूट आणून दिले होते, चालायला बरे म्हणून. जन्मात पहिल्यांदा घातलेले. लुगडं वर खोचून ती अंगणात उभी, दोन्ही नाड्या धुळीत, पडायला नको म्हणून तुळशीच्या कठड्याला धरलेलं. विमानतळावर चालायची सवय करत होती म्हणे, सकाळपासून अंगणाला फेऱ्या चालल्या होत्या. मी खाली बसले आणि नाड्या बांधल्या. घट्ट. जरा जास्तच घट्ट.

‘लागते व पायाले,’ ती म्हणाली. मी एकीकडची सैल केली. मग दुसरीकडचीही केली.

तिकीट रद्द केलं नाही. तिला माफ केलं असं समजू नका. ते मला अजून कळायचं आहे. पण एवढं नक्की की तिला भीती वाटत होती आणि ती भीती तुमची होती, म्हणून तिचा हिशेबही मी तुमच्याकडेच मांडते. तुमचा फोटो येणार नाही. तो भिंतीवर परत टांगला आहे, आम्ही दीड महिना नसू, नवरा आधीच लेकीकडे पोचलेला, घर बंद असेल. बसा त्या बंद घरात. कुणी कुठे गेलं, कधी येणार, तुम्हाला कुणी विचारणार नाही आणि सांगणारही नाही. रजिस्टर माझ्याकडे आहे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट राहिली आहे, ती तुमच्या हाती लागू नये असं मला वाटतं. खाणीचं ऑफिस आपल्या क्वार्टरपासून चालत दहा मिनिटांवर होतं. टपाल वाटणारा माणूस मला लहानपणापासून ओळखायचा. ‘काका, माझं काही आलं होतं का?’ एवढं विचारलं असतं तर त्यानं लगेच सांगितलं असतं. त्या दोन महिन्यांत मी रोज तुम्हाला विचारलं. त्याला विचारायला एकदाही गेले नाही.