उजव्या कानाच्या मेंढ्या

मी, धुळा बिरा शेंडगे, वय एकोणपन्नास, धंदा शेती व मेंढपाळ, राहणार कासुर्डी, तालुका दौंड, जिल्हा पुणे, आज घराच्या ओट्यावर बसून माझे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत झाले आहे, त्यामुळे अक्षर वाचता येईल. डोके ठिकाणावर आहे. बिघाड आहे तो हृदयाच्या झडपेत. येत्या गुरुवारी पुण्याला ऑपरेशन आहे. डॉक्टर बरे होईल म्हणतात, मीही तसेच धरून चाललो आहे. पण मेंढरं घेऊन लांब निघणारा माणूस आधी घरची व्यवस्था लावतो, तशी ही लावत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट बायको लिहू नका म्हणते.

१. राहते घर माझी पत्नी सौ. अनसाबाई हयात असेपर्यंत तिच्या ताब्यात राहील. तिच्यानंतर ते मुलगा शंभू याचे. सून पूनम गुणाची आहे, पण गॅस आल्यापासून चूल बाहेर काढू म्हणते. चूल आहे तिथेच राहील.

२. रस्त्याकडेची दीड एकर जमीन, तीत आज शेवंती आहे, ती शंभूला. फक्त कोपऱ्यातल्या कडुलिंबाखालच्या जागेला एक अट आहे, ती कलम सहामध्ये लिहिली आहे.

३. वडिलांची काळी घोंगडी थोरला भाऊ म्हस्कू याला द्यावी. त्याला ती हवी होती आणि मी एकवीस वर्षे दिली नाही, कारण वडिलांच्या दहाव्याला जेवण कमी पडल्याचे तो चारचौघांत बोलला. जेवण कमी पडले होते हे खरे आहे.

४. मेंढ्या. आमच्या घरची खूण डाव्या कानाला एक कातरा अशी आहे. त्या खुणेची सगळी मेंढरं शंभूची. याशिवाय कळपात उजवा कान कातरलेल्या अकरा मेंढ्या आहेत. त्या माझ्या नाहीत. त्या मी कोणालाही देऊ शकत नाही आणि माझ्या मागे कोणी त्यांवर हक्क सांगू नये. त्या कोणाच्या व कशा, हे इथे लिहून ठेवतो.

जानेवारी २०१७ मध्ये आमची मेंढरं रेल्वे रुळाजवळच्या एका शेतात खतासाठी बसवली होती. तिथे एक गाडी आली. पुण्यातली एक संस्था मोठ्या दुखण्यातल्या लेकरांची एखादी इच्छा पुरी करते, त्या संस्थेच्या नीलमताई गाडीतून उतरल्या. बरोबर दौंडच्या रेल्वे कॉलनीतली करिश्मा होती. नऊ वर्षांची, रक्ताचा कॅन्सर, केस गेलेले, तोंडाला मास्क. दौंडहून पुण्याला उपचाराला जाताना तिला रेल्वेगाडीच्या खिडकीतून मेंढरं दिसायची. तिने कोकरू मागितले होते. पण जनावराला हात लावायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून दहा पावलांवर खुर्ची मांडून तिला बसवले.

नीलमताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मामा, तुम्ही फक्त दिल्यासारखं करा. आम्ही फोटो काढतो. कोकरू तुमचं तुमच्याकडेच राहील."

आमच्यात दिल्यासारखे करण्याची रीत नाही. मेंढी द्यायची तर घेणाऱ्याच्या खुणेने तिचा कान कातरतात. एकदा कातरला की ती मेंढी आणि तिच्या पोटच्या माद्या त्याच्या. राखणाऱ्याला नर आणि लोकर. मी महिन्याभराचे मादी कोकरू उचलले आणि करिश्माला लांबूनच विचारले, "आमची खूण डाव्या कानाला. तुझी कुठं करू?"

"उजव्या. पण तिला दुखंल का?"

"सुई टोचल्यावानी."

"मग लय न्हाई दुखत," ती म्हणाली.

मी कान कातरला. नीलमताईंना वाटले, फोटोसाठी केले. त्यात त्यांचा दोष नाही. जाताना करिश्मा म्हणाली, "मोठी झाली की हात लावाय येते." कोण मोठी झाल्यावर, ते मी विचारले नाही. नीलमताई दुसरीकडे बघत होत्या.

त्यानंतर नऊ वर्षे मी तिची चौकशी केली नाही. दौंडच्या बाजाराला कितीदा गेलो असेन. कॉलनीच्या तोंडाशी उभा राहून परत आलो. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, आणि ते ऐकायचे धाडस नव्हते. तिची मेंढी व्याली की होईल त्या मादीचा उजवा कान कातरत राहिलो. खंडोबापुढे कधी काही मागितले नाही. तिची मेंढरं किती झाली, तेवढे सांगत आलो.

म्हस्कूशी दुसरे भांडण यावरूनच झाले. दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला, "धुळा, मेलेल्या पोरीची मेंढरं कवापातूर राखायची? इकून टाक."

मी म्हटले, "मेली हे तुला कुणी सांगितलं?"

"आन् जित्ती हाय हे तुला कुणी सांगितलं?"

 त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणे सोडले.

मृत्युपत्र लिहायचे ठरवल्यावर अडचण आली. दुसऱ्याची वस्तू आपल्या यादीत धरता येत नाही, आणि धनी आहे की नाही हे न विचारता लेकाच्या गळ्यात टाकूनही जाता येत नाही. शेवटी शेवंतीच्या रानात अनसाबाईने नीलमताईंचा नंबर लावून फोन माझ्या कानाला धरला. नीलमताईंनी ओळखले. म्हणाल्या, "नियमानं आम्हाला पत्ता देता येत नाही, मामा. पण तुमचा नंबर तिला देते."

तिच्या आईला नव्हे, तिला. मी शेवंतीच्या सरीत खाली बसलो. अनसाबाई पाणी आणायला पळाली. तिला वाटले, झडपच गेली.

गेल्या रविवारी करिश्मा स्कूटीवरून आली. दौंडला कॉलेजात शिकते. वेणी कमरेपर्यंत. उपचार संपून सात वर्षे झाली, दुखणे परतले नाही. टेकायच्या आधीच तिने विचारले, "माझी कुठाय?"

मी म्हटले, "ती दोन वर्षांमागं गेली. तिच्या लेकी आन् नाती अकरा हायत."

"मला कळवायचं तरी, मामा."

अनसाबाई आतून म्हणाली, "तू कळवायचंस की, बया, जित्ती हाय म्हणून. हितं माणूस झुरणीला लागलं व्हतं."

मग दोघी हसल्या, आणि नंतर दोघी रडल्या. चहा पिताना करिश्मा म्हणाली, "खरं सांगू का? मी आधी मोबाईल मागितला होता. पप्पा म्हणाले, लोकांकडं एवढं महागाचं मागू नये. मग खिडकीतून दिसायचं तेच सांगितलं." मला वाईट वाटले नाही. कोकरू दिले ते तिला आवडावे म्हणून होते, आणि ते तिला आवडलेले मी दहा पावलांवरून पाहिले होते.

ती कळपात जाऊन बसली. एका मेंढीने तिची ओढणी चघळली तरी उठली नाही. उजवे कान चाचपून अकराही मोजल्या. निघताना म्हणाली, "क्वार्टरमध्ये कुठं बांधू मी? पप्पांना साहेब नोटीसच देतील." त्यावर आमचे ठरले ते असे:

५. त्या अकरा मेंढ्या करिश्माच्या, राखण शंभूची. नर आणि लोकर राखणीचे. तिला विचारल्याशिवाय त्यातली एकही मादी विकू नये.

६. कडुलिंबाखालची जागा मोकळी ठेवून तिथे नळ घ्यावा. नीलमताईंची संस्था कोणाही लेकराला घेऊन आली तर गाडी तिथे थांबेल. ज्याला डॉक्टरांनी परवानगी दिली त्याने हात लावावा. ज्याला नाही, त्याला लांब खुर्ची द्यावी, पण सावलीत द्यावी. कोकरू द्यायचे तर खरेच द्यावे. जमणार नसेल तर नुसते दाखवावे. आणि शंभू, मागून त्या लेकराची चौकशी करत जा. उत्तर काहीही येवो. मी केली नाही, ती माझी चूक झाली.

७. म्हस्कूला मी सोमवारी जाऊन सगळे सांगितले.  तो म्हणाला, "आता तरी बोलशील का माझ्यासंगं?" बोलतो आहे. माझ्या दहाव्याची वेळ आलीच, तर जेवण त्याच्या अंदाजाने करावे.

शेवटी साक्षीदारांबद्दल. आमचे शेजारी पोपटराव म्हणाले, "ज्याला मिळतंय त्यानं साक्षीला ऱ्हाऊ न्हाई, वकील सांगत्यात. पोरीची सही नगं." त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण या कागदाने मी करिश्माला काहीही देत नाही. तिचे आहे ते नऊ वर्षांपूर्वीच तिचे झाले. म्हणून तिची सही चालेल. डिसेंबरात तिला अठरा पूर्ण झाली आहेत. मी विचारून घेतले.

वरील मजकूर मी वाचून दाखवला व दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : कासुर्डी
दिनांक : ८ फेब्रुवारी २०२६, रविवार

सही : धुळा बिरा शेंडगे

साक्षीदार
१. पोपटराव नामदेव आखाडे, कासुर्डी
२. करिश्मा सुनील साळवे, रेल्वे कॉलनी, दौंड