चार बोटांचं जाळं

बा, तुला लिहायचं म्हणून मी तीनदा वही घेतली आणि तिन्ही वह्या भलत्याच कामी लागल्या. एक तर सेमाडोहच्या हॉटेलात गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी लिहिण्यातच संपली. तिथं येणारा जो तो मलाच विचारायचा, वाघ कुठं दिसेल? जसं काही मी सकाळी त्याला चहा देऊनच आले होते. हे बघ, लागले भलतीकडे. तू असतास तर म्हणाला असतास, "पोरी, डोंगा सरळ चालव."

तर सरळ सांगते. आठ दिवस झाले, मी पूर्णेच्या काठावर आपल्या भोईपुऱ्यात आहे. तू सांगायचास, तुझ्या लहानपणी इथं पाय ठेवायला जागा नव्हती. पूल नव्हता तेव्हा वरातसुद्धा आपल्याच डोंग्यातून पार व्हायची आणि नवरदेवानं आधी आपल्याला नारळ द्यायचा. पूल झाला, नारळ गेला. वर धरण झालं, उन्हाळ्यात नदीचे डोहच उरले. कुणी धरणावर मासे धरायला गेलं, कुणी अकोल्यात ऑटो चालवतं. आता तीनच चुली पेटतात. पण मला वाईट नाही वाटत, खरंच. वाळूत अजून डांगरं लावतात, शहरात ज्यांना खरबुजं म्हणतात ती. शेजारच्या म्हाताऱ्या मावशीकडे उतरले आहे. तिनं पहिल्याच दिवशी डांगर फोडून पुढ्यात ठेवलं, "खाय. बापावानी वाळून गेली फिरूफिरू." इतकं गोड डांगर मी कुठंच खाल्लं नाही.

तुला तो दिवस आठवत असेल. मी नऊ वर्षांची, ओसरीवर पहिल्यांदा जाळं विणायला बसलेली. आपल्यात मोजायला पट्टी नसते, बोटं असतात. जाळ्याचा डोळा चार बोटांचा, म्हणजे पिलं निसटून जातात. वीतभर विणून मी तुला दाखवलं. तू डोळ्यात बोटं घालून पाहिलीस, दोनच गेली.

"हे मासे धराले हाय का त्याईचे लेकरं?"

"चारच बोटं मोजले, बा."

"कोनाचे?"

ओसरी हसली, तूही हसलास. मग म्हणालास, "उसव."

मी नाही उसवलं. मला ते फार आवडलं होतं. तू नदीवर गेलास की विणायचे. पुरं झालं तेव्हा काकाच्या डोंग्यात, त्याच्या जाळ्यांखाली दडवलं. पावसाळ्यात तुला ते तिथंच सापडलं, चिखलानं भरलेलं, वापरल्यासारखं. पिलं धरणं म्हणजे आपल्यात पाप. साऱ्या वस्तीसमोर तू सख्ख्या लहान भावाला म्हणालास, "नदीचे लेकरं खातं तू?" काकानं जाळं हातात घेतलं, गाठी चाचपल्या. भीतीपोटी मी प्रत्येक गाठ दोनदा मारायचे, त्यावरून तो मला चिडवायचा. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तुला म्हणाला, "हो, माह्यंच हाय." दुसऱ्या दिवशी तो बिऱ्हाड घेऊन धरणावर गेला. मोठ्या जाळ्याची दोन टोकं तुम्ही दोघं भाऊ धरायचात. ते परत पाण्यात पडलं नाही. पुढच्या पावसाळ्याआधी तू कायमचा गेलास, काकाशी न बोलताच. लोक म्हणतात, वस्ती धरणानं मोडली. आपलं घर कुणी मोडलं ते मला ठाऊक आहे.

आता मी नवं जाळं विणते आहे. माझी चार बोटं आता खरोखर चार भरतात. मावशी म्हणते, "दुसरं टोक कोन धरन? काकाले बोलाव ना."

"कोन्या तोंडानं बोलावू?"

"हायच ना तोंड एवढं मोठं."

आधी तुला सांगावं, मग त्याला, म्हणून लिहायला बसले. एवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. मावशी ओरडली, "पोरी, पाह्य कोन आलं!" काका डांगरं न्यायला आला आहे म्हणे, दर उन्हाळ्यात येतो. केस पार पांढरे झालेत. मी इथं आत आहे हे त्याला अजून माहीत नाही. दाराशी टांगलेलं माझं जाळं त्यानं हातात घेतलंय, डोळ्यात चार बोटं घालतोय. मग अंगठ्यानं एक गाठ चाचपली, आणि आत न बघताच म्हणाला, "अजून दोनदाच मारतं व्हय गाठ?"

बा, त्यानं माझ्यासाठी आळ घेतला, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी गप्प राहिले. पत्र इथंच ठेवते, मला अंगणात जायचंय.