झाडांमधली सात मैदानं

शॅनन, आयर्लंड,
२२ जून २००३

प्रिय प्रल्हाद,

सप्रेम नमस्कार. आपल्यात नमस्काराची पद्धत नव्हती, शिवीनंच सुरुवात व्हायची. पण सव्वा वर्षानंतर तो हक्क माझ्याकडे उरलाय की नाही, माहीत नाही. काकू कशा आहेत? नागपूरचा उन्हाळा उतरला का? इथं सलग तीन दिवस कोरडे गेले म्हणून लोक एकमेकांचं अभिनंदन करतायत. चैत्राली बरी आहे. मुक्ता दहा महिन्यांची झाली, धरून उभी राहते आणि टीव्हीचा रिमोट चावते. तू तिला अजून पाहिलेलंच नाहीस.

माझ्या तीन ई-मेलना तुझं उत्तर आलं नाही, म्हणून हा कागद. एक गोष्ट सांगायची आहे. पण आधी मैदानांचं सांगतो.

तुझी यादी अजून आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटलेली आहे. सात गोल्फ मैदानं, सगळी समुद्रापासून लांब, झाडांमधली. "समुद्रकाठची अमेरिकन लोकांसाठी. वाऱ्याशी भांडायला पैसे कोण देईन बे?" असं म्हणून तू ती केली होतीस. कंपनीतल्या नोएलनं आपल्याला खेळ शिकवला आणि वर्षभरात तू त्यालाच मैदानं सुचवायला लागलास! चार आपण मिळून खेळलो. उरलेली तीन मी नोएलबरोबर खेळलो.

पाचवं नीना गावाच्या बाहेरचं. सपाट, साधं, पण तिसऱ्या होलला आडवा ओढा आहे आणि दगडी कुंपणापलीकडून गाई रवंथ करत आपला खेळ बघतात. तीन चेंडू ओढ्यात घातले. गाईंना नवल वाटलं नाही.

सहावं रॉसक्रेच्या बाजूला. तिथं बीच जातीची झाडं इतकी दाट की पाऊस सुरू झालेला आत कळतच नाही. आमच्या पुढे चार म्हाताऱ्या खेळत होत्या. त्यांनी थांबून आम्हाला अंड्याची सँडविचेस खायला घातली आणि नंतर आमच्यापेक्षा चांगल्या खेळल्या. तुला ते मैदान सगळ्यात आवडलं असतं.

सातवं बर गावाच्या पुढे, एका जुन्या जमीनदाराच्या बागेतलं. गेल्या शनिवारी नाही, त्याच्या आधीच्या शनिवारी, चौदा तारखेला, कंपनीच्या गोल्फ मंडळाची तिथं स्पर्धा होती. मी खेळलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा चांगला खेळलो. पंधराव्या होलपर्यंत मी पुढे होतो. मग चेंडू चेस्टनटच्या झाडाखाली गेला. मी मागे क्लबची काठी टेकवली आणि चेंडू हलला. तीळभर. नोएल पार पलीकडे होता, कोणी बघत नव्हतं. पण आपल्यामुळे चेंडू हलला तर एक फटका आपल्या नावावर, आणि तो आपणच सांगायचा. मी हात वर करून ओरडलो, "नोएल, माझा एक वाढव."

त्या एका फटक्यानं कप गेला.

जेवणाच्या वेळी नोएल उभा राहिला आणि म्हणाला, "आमचा हरीश कोणी बघत नसतानाही खरं बोलतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्रीडासुद्धा होती, आपली क्वालिटीची मॅनेजर. तिनं तर उठून हात मिळवला. प्रल्हाद, मी ताट बाजूला सारलं. मला माझी किळस आली.

आता लिहितो. गेल्या वर्षीच्या मार्चमधली ती सकाळ. पाकिटं सील करणाऱ्या मशीनचं तापमान तू वाचलंस आणि नोंदवहीत लिहिलंस. नियम असा की दुसऱ्यानं स्वतः आकडा वाचायचा, ताडायचा, मग शेजारी सही करायची. मी कँटीनमधून नोएलशी शनिवारच्या खेळाचं ठरवून धावत आलो. तू म्हणालास, "पाहून घे बे एकदा, मग सही कर." मी म्हणालो, "तुझ्यावर भरवसा आहे." आणि सही ठोकली. तुझा आकडा चुकला होता. माणसाचा चुकतो, म्हणून तर दोन सह्या असतात. कच्च्या सीलचा माल बाहेर गेला, परत मागवावा लागला, चौकशी लागली.

ब्रीडानं मला विचारलं, "तू स्वतः बघितलं होतंस?" मी म्हणालो, "हो. मी सही केली तेव्हा आकडा वेगळा होता."

म्हणजे तू मागाहून खोडलास, असं. तू शेजारच्या खुर्चीवर बसला होतास. माझ्याकडे बघितलंस आणि तोंडातून ब्र काढला नाहीस. का, ते मला तेव्हाही कळलं होतं. चैत्रालीला चौथा महिना होता, आणि आदल्याच रविवारी तू तिच्यासाठी लिमरिकभर हिंडून कैरी आणली होतीस. तुझी नोकरी गेली, तिच्याबरोबर कामाचं परमिट गेलं. विमानतळावर सोडायला मी आलो नाही.

नागपूरच्या नंदकुमारकडून कळलं की तू मामेभावाच्या औषधाच्या दुकानात बसतोस आणि बुटीबोरीच्या कंपनीनं इथलं फेरफाराचं पत्र वाचून तुला नाही म्हटलं.

पंधरा तारखेला चैत्रालीला सगळं सांगितलं. मी म्हणालो, मुक्तासाठी केलं. ती म्हणाली, "तिचं नाव पुढे करू नकोस. तिनं सांगितलं नव्हतं." संध्याकाळी तिनं माझा कामावरचा शर्ट इस्त्री करून दारामागे टांगून ठेवला.

सोमवारी ब्रीडाकडे गेलो. तिनं सगळं लिहून घेतलं. तुझ्या नोंदीत आता 'फेरफार' नाही, 'चूक' राहील, आणि तसं पत्र कंपनी तुला पाठवणार आहे. मी सध्या घरी आहे, तीस तारखेला निकाल. बहुधा आम्ही पुण्याला परतू. तुला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. माफी मागतो, पण ती तू द्यावीस असा आग्रह नाही. यादी सोबत पाठवतोय, ती तुझी आहे.

जबाबाची प्रतही सोबत आहे. ब्रीडानं पेन पुढे केलं तेव्हा मी तो तीनदा वाचला. आकडा, तारीख, तुझं नाव, माझं खोटं.

पाहून घेतलं बे, मग सही केली.

हरीश